गुणाकररावांचं अकरा सीटचं घर

गुणाकरराव भुसारी माझे साडू. आमचं रक्ताचं नातं काही नाही. एकाच सासऱ्याच्या तावडीत दोघं सापडलो, एवढंच. त्यांची बायको सुनीतीताई ही माझ्या बायकोची थोरली बहीण. मी मध्य प्रदेशात बालाघाटच्या कोर्टात दिवाणी वकिली करतो, म्हणजे बांधावरून भांडणाऱ्या भावांना आणखी काही वर्षं भांडता येईल अशी सोय करतो. गुणाकरराव बांधकाम खात्यात सब-इंजिनिअर होते. त्यांच्या नोकरीचा बहुतेक काळ रस्त्याच्या कडेला पाट्या लावण्यात गेला. पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, पुढे पूल अरुंद आहे, गाडी इतक्याच वेगाने चालवा. जिल्ह्यातल्या निम्म्या वळणांना ते नावानिशी ओळखतात.

माणूस सज्जन. दोष म्हणावा तर एकच: समोरचा बोलतो ते त्यांना खरं वाटतं. त्यांचे एक साहेब बदली होऊन जबलपूरला गेले. निरोपाच्या वेळी सगळ्यांना म्हणाले, कधी आलात तर घरी उतरायचं, हक्कानं राहायचं. असं सगळेच साहेब म्हणतात. गुणाकरराव पुढच्या उन्हाळ्यात बायको, मुलगी आणि आंब्याची पेटी घेऊन साहेबांच्या दारात हजर. साहेबीणबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते सुनीतीताई अजून करून दाखवतात. गुणाकरराव मात्र त्या मुक्कामाबद्दल फार गोड बोलतात. परत येताना त्यांनी साहेबांनाही बालाघाटला हक्कानं बोलावलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते का आले नाहीत याची त्यांना काळजी वाटत राहिली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात कोणी कुठे निघालं की दारात जो भेटेल त्याला 'चला ना आमच्यासंगं' म्हणतं. विचारलं नाही तर माणूस तुसडा ठरतो. ज्याला विचारलं त्यानं 'हौ, येतोच ना' म्हणायचं, कारण नाही म्हटलं तर तो शिष्ट ठरतो. मग विचारणारा आपल्या वाटेनं जातो आणि हौ म्हणणारा आपल्या घरात जातो. दोघांनाही बरं वाटतं. काशीयात्रेपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत ही रीत चालते आणि तिनं आजवर कोणाचं नुकसान केलं नव्हतं. पण सगळ्या जिल्ह्यात एकटे गुणाकरराव असे, की ज्यांना हौ म्हणजे हौ वाटतं.

त्यांचं घर बसस्टँडजवळ. तिथंच सगळा घोटाळा होता. गावाकडून कोणी कोर्टाच्या तारखेला आला, दवाखान्यात आला, पोराच्या परीक्षेला आला, की बॅग भुसाऱ्यांच्या ओट्यावर. सुनीतीताईंच्या गॅसवरून चहाचं भांडं लग्नापासून उतरलं असेल असं मला वाटत नाही. बाई बोलून दाखवणाऱ्या नाहीत. पण गुणाकरराव निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्यांनी फोनवर एक चित्रफीत पाहिली. कुठल्याशा परदेशातलं केस पिकलेलं जोडपं, एका मोठ्या गाडीतच घर केलेलं, तळ्याकाठी थांबलेलं. म्हातारा अंडी तळत होता आणि म्हातारी पुस्तक वाचत होती. सुनीतीताईंनी ती दहा वेळा पाहिली. म्हातारा अंडी तळत होता याचंच त्यांना जास्त अप्रूप. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, आपण असं जायचं का? दोघंच. कच्छचं पांढरं रण पाहायला. ऊन तापायच्या आत.

गुणाकरराव उठले आणि मोजायची टेप शोधायला लागले.

एका शाळेची वापरलेली ट्रॅव्हलर गाडी त्यांनी घेतली. काम मात्र नियमाने केलं. आराखडा काढला, आरटीओची परवानगी आधी घेतली, मग गोंदिया रोडवरच्या एका गॅरेजात गाडी नेऊन उभी केली. मागे दोघांपुरता पलंग, त्याला लागून गॅसची शेगडी, छोटं बेसिन, वर पाण्याची टाकी, खिडक्यांना सुनीतीताईंनी शिवलेले पडदे. इथपर्यंत सगळं त्या चित्रफितीसारखंच होतं. सुनीतीताई रोज गॅरेजात डबा घेऊन जायच्या आणि पलंगावर बसून यायच्या. त्या दिवसांत त्या गुणगुणायला लागल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

पण गाडी उभी राहते आहे म्हटल्यावर गावभर बातमी झाली आणि लोक बघायला यायला लागले. आलेल्या प्रत्येकाला गुणाकरराव रीतीप्रमाणे म्हणायचे, चला ना आमच्यासंगं कच्छले. आलेला प्रत्येक जण रीतीप्रमाणे म्हणायचा, हौ, येतोच ना. आणि तो गेला की गुणाकरराव टेप काढून पलंगापुढची जागा मोजायचे. मी आणि माझी बायको बघायला गेलो तेव्हा आम्हीही हौ म्हणालो. मी तर वर 'मले खिडकी पायजे' असंही म्हणालो, कारण हौच्या जोडीला काहीतरी लावलं की ते जास्त आपुलकीचं वाटतं. आठवड्याभराने गेलो तर खिडकीशी दोन सीटा ठोकलेल्या, आणि गुणाकरराव मला त्यातल्या एकीवर बसवून गुडघ्याला जागा पुरते का ते पाहत होते.

असं करता करता चालक सोडून अकरा सीटा झाल्या. एक सुनीतीताईंची. पुण्याला असलेली मुलगी ऋता, जावई संकेत आणि नात श्रिया यांच्या तीन. आमच्या दोन. खैरलांजीच्या दुर्गाआत्यांची एक. त्यांना बसमध्ये बसल्या बसल्या उलटी होते, म्हणून ती पुढे. राजेगावचे टिकाराम, म्हणजे गुणाकररावांच्या हाताखाली पाटीचा खांब धरून उभं राहण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली ते, आणि त्यांची बायको. शेजारचे खेमराज मास्तर आणि त्यांची बायको. आराखडा सुधारून पुन्हा मंजूर झाला. नोंदणी झाली ती खासगी वापराची कॅम्पर व्हॅन म्हणून, आसनं अकरा आणि चालक. आठ दिवस सुनीतीताई गॅरेजात गेल्या नाहीत. गुणगुणणं बंद झालं. गुणाकररावांना वाटलं, थंडीनं घसा बसला असेल. त्यांनी ओवा आणून दिला.

संक्रांत झाली आणि एके सकाळी गुणाकरराव गाडी घेऊन राजेगावला निघाले. काम काय, तर टिकारामला त्याची सीट दाखवायची. रस्ता मोकळा, गाडीला नवा रंग, आणि माणूस जन्मभर दुसऱ्यांना हळू जा म्हणून सांगून कंटाळलेला. काटा सहासष्टवर गेला. पुढे झाडाखाली वाहतूक पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी होती. हात झाला. गुणाकरराव हसतच उतरले. त्यांना वाटलं, गाडी बघायला थांबवलं आहे, म्हणून त्यांनी पोलिसालाही कच्छला चला म्हटलं.

पोलीस बालाघाटात नवा होता. त्याला रीत माहीत नव्हती. तो हौ न म्हणता चलान करायला लागला. गुणाकरराव म्हणाले, इथे सत्तर चालतं. पोलीस म्हणाला, सत्तर कारला, बसला साठ. गुणाकरराव म्हणाले, ही बस नाही, हे घर आहे. त्यांनी त्याला आत नेऊन पलंग दाखवला, शेगडी पेटवून दाखवली, बेसिनचा नळ सोडून दाखवला. पोलिसाने सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "घर है, तो छियासठ पे कहाँ जा रहा था?"

गुणाकररावांनी नळ बंद केला आणि चलान घेतलं.

दंडाचं गुणाकररावांना काही वाटलं नाही. त्यांना लागली ती बेअब्रू. ज्या रस्त्यावर ह्या माणसाने पाट्या रोवल्या, त्याच रस्त्यावर त्याला वेगासाठी धरलं. त्यांना सगळ्या पाट्या पाठ होत्या, पण आपली स्वतःची गाडी कुठल्या ओळीत बसते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाटी लावणारा पाटी वाचत नाही. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मले न्याय पायजे."

मी दिवाणीवाला. मोटारीच्या कायद्याशी माझा संबंध हेल्मेटपुरता. पण साडू दारात न्याय मागतो म्हटल्यावर पुस्तकं काढावी लागली, आणि खोटं कशाला सांगू, वाचताना मजा आली. कायद्यात कॅम्पर व्हॅन आहे. खासगी वापराची असेल तर ती टॅक्सी-ट्रकांच्या पंगतीला बसत नाही, तुमच्या-आमच्या कारसारखी घरगुती धरतात. इथपर्यंत गुणाकररावांची कॉलर ताठ. पण वेगमर्यादेच्या तक्त्यात कॅम्पर व्हॅनला वेगळी ओळच नाही. तिथे विचारतात, गाडी माणसं नेते की माल? माणसं नेत असेल तर चालक सोडून आसनं किती? आठपर्यंत असली तर ती कारच्या ओळीत, आणि नववं आसन बसलं की बसच्या ओळीत. मागे पलंग आहे की पाळणा, ह्याची तिथे कोणी दखल घेत नाही. गॅस, बेसिन, पडदे, सगळं त्या नवव्या सीटपुढे फुकट.

मी त्यांना म्हटलं, नातेवाईक माल म्हणून दाखवले तर? त्यांनी ते गंभीरपणे घेतलं. मग मलाच सांगावं लागलं, की मालाच्या गाडीलाही त्या रस्त्यावर साठच आहे. तेव्हा चलान बरोबर होतं. पोलिसाचं काही चुकलं नव्हतं. गाडीची बस ना पोलिसाने केली होती ना सरकारने. ती गुणाकररावांच्या पाहुण्यांनी केली होती.

मी हे सगळं सुनीतीताईंच्या समोरच सांगितलं. त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, सावकाश. आठपर्यंत कार? आठपर्यंत कार. मग त्या उठून आत गेल्या आणि आल्याचा चहा घेऊन आल्या. त्या घरात आल्याचा चहा फक्त खुशीत होतो. त्यांच्या मनात काय चाललं आहे ते मला कळलं, कारण वकिलाला दुसऱ्याच्या मनातला फायदा लगेच दिसतो. आजवर नवऱ्याला कोणाला नको म्हणायला तोंड नव्हतं. आता कायद्यानेच तोंड दिलं होतं. तीन माणसं तरी कमी करावी लागणार. आणि एकदा सीट उचकटायची सवय लागली, की त्यांची स्वतःची सोडून उरलेल्या सातही जातील.

"बस असंन, तर मी येत नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बसस्टँडवरच जिनगी गेली माही. कार असंन तर सांगा."

गुणाकरराव घाबरले. सुनीतीताई येणार नाहीत ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच आराखड्यात नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी तीन सीटा सोडवायचं काम हाती घेतलं. पण कसं, तर ज्याची सीट काढायची त्याच्या घरी जाऊन, त्याची रीतसर संमती घेऊन.

आता बघा, 'चला ना'ला 'हौ' म्हणून विसरून जाणं ही जशी रीत, तशीच दुसरीही एक आहे: एकदा दिलेलं बोलावणं परत घेऊ नये, आणि बोलावलेल्याला येऊ नको तर कधीच म्हणू नये. तो अपमान. मी हे त्यांना सांगितलं. पण त्यांचं म्हणणं असं, की लोक समंजस असतात, कायदा समजावून सांगितला की ऐकतात. मी पंचवीस वर्षं लोकांना कायदा समजावून सांगतो आहे.

ते आधी खैरलांजीला दुर्गाआत्यांकडे गेले. आत्यांचं वय झालेलं, कित्येक वर्षांत खैरलांजीच्या बाहेर पाय नाही, आणि कच्छ हे गोंदियाच्या अलीकडे आहे की पलीकडे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गाडीत आपली सीट आहे हे तर त्या साफ विसरल्या होत्या. गुणाकररावांनी त्यांना तक्ता समजावला, कार समजावली, बस समजावली, आणि शेवटी विचारलं, तुमची सीट काढली तर चालेल का. आत्यांनी पदर डोळ्याला लावला. "दादा असता तर मले असं खाली उतरवलं असतं का रे तुनं?" गुणाकररावांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी तिथंच आत्यांच्या पायाला हात लावला आणि सीट कायम केली. आत्यांनी दुसऱ्या दिवसापासून प्रवासासाठी लाडू वळायला घेतले.

मग राजेगाव. टिकारामला तर गुरं आणि नातवंडं सोडून एक रात्र बाहेर राहवत नाही. पण साहेब आपली सीट काढायला आले हे कळल्यावर त्याच्या अंगणात माणसं जमली. उन्हात खांब धरून उभं राहायला टिकाराम चालत होता, आणि गाडीत बसायला नाही? असं टिकाराम स्वतः बोलला नाही. त्याचा भाऊ महागू बोलला. गुणाकरराव इतके ओशाळले, की त्यांनी महागूलाही चला ना म्हटलं. महागू रागातच हौ म्हणाला. म्हणजे तीन सीटा कमी करायला निघालेला माणूस एक वाढवून परत आला.

खेमराज मास्तरांनी ऐकून घेतलं, काही हरकत नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गुणाकररावांना पाहून रस्ता ओलांडायला लागले. पुण्याला फोन केला तर जावई मनातून सुटल्यासारखा हो म्हणाला, पण श्रियाने फोन ओढून घेतला. तिचं मराठी जेमतेम. "नाना, मेरी सीट मत निकालना," म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या शाळेला सुट्टी नव्हती, आईबापांच्या रजेचा पत्ता नव्हता, तरी सीट पक्की.

शेवटी आमच्याकडे आले. मी त्यांना तोंडही उघडू दिलं नाही. आमच्या दोन्ही काढा, आनंदानं काढा, मी वकील आहे, मला कळतं, असं मी म्हणत होतो तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको बाहेर आली. हातात लाटणं होतं. ते पोळ्यांमुळे होतं, पण गुणाकररावांनी ते पाहिलं. "माह्या सख्ख्या बहिणीच्या गाडीत मले जागा नाही का?" तिने विचारलं, आणि विचारताना बघत होती माझ्याकडे. मी म्हटलं, आहे ना, का नसेल. गुणाकरराव पाणी न पिता गेले.

त्यानंतर प्रकरण हाताबाहेर गेलं. ज्यांना जायचं नव्हतं ते सगळे आता जाण्यावर अडून बसले. जाण्याची हौस कोणालाच नव्हती. आपल्याला काढलं असं कोणी म्हणू नये, एवढंच. रविवारी गुणाकररावांच्या अंगणात सगळे जमले. दुर्गाआत्या लाडवांचा डबा घेऊन कोणाच्या तरी गाडीतून आल्या होत्या आणि वाटेत दोनदा उतरल्याही होत्या. टिकाराम-महागू आले, मास्तर आले, आम्ही आलो. प्रत्येक जण ट्रॅव्हलरमध्ये चढून आपापल्या सीटवर बसून आला. महागूला सीट नव्हती, तो पलंगावर बसला. सुनीतीताईंनी सगळ्यांना चहा दिला, चिवडा दिला, आत्यांना लिंबू-पाणी दिलं. गुणाकरराव कोपऱ्यात उभे. बारा आसनांचा आराखडा बसतो का ते मनात मोजत असावेत, असं त्यांच्या बोटांवरून दिसत होतं.

रिकामे कप गोळा करता करता सुनीतीताई मधोमध थांबल्या. आवाज चढवला नाही, तोंडही हसरंच होतं.

"सगळे येऊन राह्यले ना? छान झालं," त्या म्हणाल्या. "परवा पहाटे निघायचं. महिनाभर लागंन. अंथरूण ज्याचं त्यानं आणायचं, आन् सैपाक पाळीपाळीनं. उद्या पाळ्या ठरवू."

आमच्या रीतीत ह्यावर उतारा नव्हता. चला ना म्हणायचं असतं, पण कधी ते कोणी सांगत नाही. तारीख सांगितली की ते बोलावणं राहत नाही, निघणं होतं. सगळ्यात आधी मास्तरांना आठवलं, की त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न आहे. मग टिकारामला आठवलं, की धान अजून विकायचं आहे, रांगेत नंबर लागेल तेव्हा हजर पाहिजे. महागू म्हणाला, भाऊ धान घेऊन गेल्यावर गुरांना कोण बघणार. दुर्गाआत्यांनी डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, लाडू घेऊन जा बावा, लाडू आले म्हणजे मीच आली असं समज. माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्या तीन तारखा लागल्या आहेत. एक खरोखरच लागली होती. कोणाचाही अपमान झाला नाही, कारण कोणीही कोणाला नको म्हटलं नाही. सगळे समाधानाने घरी गेले. जाताना प्रत्येक जण म्हणाला, पुढच्या खेपेला नक्की.

मी थांबलो, कारण बायको बहिणीला भांडी आवरू लागत होती. गुणाकरराव गाडीत चढून आत उभे होते. मला वाटलं होतं, सुटले म्हणून खुश असतील. पण त्यांनी एकेका सीटच्या पाठीवर हात ठेवत मागपर्यंत चक्कर मारली आणि मग मला पाना आणायला सांगितला. आम्ही दोघं सीटा सोडवायला लागलो. आत्यांची सीट सोडवताना ते म्हणाले, उलटी झाली तर म्हणून हिच्याखाली त्यांनी बादलीसाठी कडी बसवून घेतली होती. माझ्या सीटला पाठ थोडी जास्त तिरपी केली होती, कारण मला कोर्टात बसून कंबर धरते. श्रियाच्या सीटखाली पाय टेकायला फळी होती. त्यांनी हे सगळं तक्रार म्हणून सांगितलं नाही. खात्यात काम उखडताना जसं काय काय निघालं ते सांगतात तसं सांगितलं. मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळे ज्या शब्दाला काही किंमत देत नव्हतो, त्या शब्दासाठी हा माणूस वाकून वाकून नट आवळत होता.

पुण्याच्या तीन सीटा मी राहू द्या म्हटलं, कायद्याला चालतं. ते म्हणाले, मुलांना यायचं असेल तेव्हा ती सांगतील. त्या तीनही निघाल्या. चालकाची सीट आणि शेजारची एक, एवढ्या उरल्या. गाडी एकदम मोठी वाटायला लागली. मागे पलंग, शेगडी, पडदे.

सुनीतीताई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आत पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला, की मी हात पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. पण गुणाकरराव त्या उरलेल्या सीटपाशी पाना धरून बसले होते.

"सुनीती, खरं सांग," ते म्हणाले. "तुले तरी यायचं आहे, का तूही असंच हौ म्हणलं होतं? नसंन यायचं तर आत्ताच सांग, हे बी काढतो."

मी त्यांना इतक्या वर्षांत कधी असा प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं. ज्या माणसाला प्रत्येकाचं खरं वाटायचं, त्याला आता बायकोचंही खरं वाटेना, आणि हे आम्ही सगळ्यांनी मिळून केलं होतं.

सुनीतीताई वर चढल्या आणि त्या सीटवर बसल्या.

"मी हौ म्हणलंच नाही," त्या म्हणाल्या. "मीनंच तर इचारलं होतं तुमाले, दोघं जायचं का म्हणून. तुमी टेप घेऊन उठले. हौ का नाही, ते अजून सांगतलंच नाही तुमी."

गुणाकरराव तसेच खाली बसून राहिले. मग पाना बाजूला ठेवला.

"परवाच निघायचं ना?" त्यांनी विचारलं.